आजचं चिंतन: झोप जिंकलेल्याला झोपेचं माप (गीता ६.१६-१७)

॥ श्री गणेशाय नमः ॥



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातले दोन श्लोक घेऊ या, सोळावा आणि सतरावा. पोथी जवळ असेल तर आधी दोन्ही श्लोक एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे या.

अर्थ साधा आहे. भगवान अर्जुनाला सांगतात की जो खाण्यावर ताव मारतो त्याला योग जमत नाही, आणि जो पोटाला काहीच देत नाही त्यालाही जमत नाही. झोपाळूला जमत नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही नाही. मग पुढच्या श्लोकात कुणाला जमतो ते येतं. ज्याचं खाणं मापात, हिंडणं-फिरणं मापात, कामातली धडपड मापात, झोप मापात आणि जागणंही मापात, त्याचं दुःख हा योग दूर करतो.

हा ध्यानाचा अध्याय, त्यामुळे आपल्याला वाटतं की हे डोळे मिटून बसणाऱ्यांसाठी असेल. आज मात्र हे श्लोक आयटीत काम करून थकलेल्या आणि आयटीत काम शोधून थकलेल्या मुलामुलींसाठी वाचू या. त्यातही पेण आणि रोह्याची मुलं डोळ्यांसमोर ठेवून वाचू या.

पेण-रोह्याचीच का?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे या दोन तालुक्यांनी आपल्याला गीता सांगणारी दोन माणसं दिली. ११ सप्टेंबर १८९५ ला पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनोबा जन्मले. १९ ऑक्टोबर १९२० ला रोह्यात पांडुरंगशास्त्री आठवले, म्हणजे सगळ्यांचे दादा, जन्मले. तालुक्याला तालुका लागून. विनोबांनी गीता तुरुंगातल्या कैद्यांना सांगितली, दादांनी ती शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या वस्तीत नेली. दोघांचेही श्रोते बहुतेक हाताने काम करणारे किंवा हातचं काम सुटलेले होते. म्हणजे नोकरीधंद्याचा प्रश्न घेऊन गीतेकडे जाणं ही या मातीला नवी गोष्ट नाही.

दुसरं कारण रोज सकाळी दिसतं. रोहा, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर करत पनवेल-दिव्याकडे जाणारी गाडी बघा. ऐरोली, महापे, बेलापूरला जाणारी पोरं-पोरी त्यात असतात. पाठीवर बॅग, कानात इयरफोन, मान खाली. काहींच्या बॅगेत कंपनीचा लॅपटॉप असतो आणि काहींच्या बॅगेत रेझ्युमेच्या प्रती. बाहेरून दोघंही सारखीच दिसतात. एकाला काम इतकं आहे की रात्री दोन वाजता फोन वाजला तरी उठावं लागतं. दुसऱ्याला काम नाही, तरीही तो रात्री दोनला जागाच असतो, कुठे नवीन जागा निघाली का बघत. सोळाव्या श्लोकात भगवंतांनी अतीच्या आणि अभावाच्या अशा दोन्ही टोकांना नाव घेऊन थांबवलंय, ते का, हे या गाडीत बसलं की कळतं.

पाचांतलं मधलं

सतराव्या श्लोकातल्या गोष्टी बोटांवर मोजा. खाणं, फिरणं, काम, झोप, जाग. पाच बोटं. काम बरोबर मधल्या बोटावर येतं. एका बाजूला अन्न आणि मोकळं फिरणं, दुसऱ्या बाजूला झोप आणि जाग. कामाला इथे मान आहे, पण त्याला एकट्याला उभं केलेलं नाही.

आपण काय करतो? आधी काम मांडतो आणि उरलेल्या जागेत बाकीची चार कोंबतो. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले, तेव्हा देशभर वाद झाला. त्या वादात न पडता नुसता हिशोब करू. सहा दिवसांत ७० तास म्हणजे दिवसाला साडेअकरा तासांच्या वर. पेण-रोह्याहून नवी मुंबईला जाऊन परत यायला तीन-चार तास धरा. उरले आठ-नऊ तास. त्यात आंघोळ, देवपूजा, दोन वेळचं जेवण, आईशी दोन शब्द आणि झोप. मुलगी किंवा सून असेल तर त्यातच स्वयंपाक आणि भांडी. बहुतेकांच्या हिशोबात गाडीचे तास नसतात आणि ओट्याजवळचे तास तर नसतातच. शरीर मात्र सगळे तास मोजतं.

इथे मापासाठी जो शब्द आलाय तो 'युक्त'. योग आणि युक्त हे एकाच धातूचे शब्द, अर्थ जोडणं. आपल्याकडे बैलाच्या मानेवर ठेवतात ते जू, तेही याच घरातलं. जू सैल पडलं की बैल निसटतो आणि नांगर चालत नाही. जू घट्ट झालं की मान सोलवटते, आणि मग चांगला बैलही जू बघून मान मागे घेतो. चांगला शेतकरी बैलाला आळशी म्हणण्याआधी त्याची मान बघतो.

गुडाकेशाला झोप सांगितली

आता हे कुणाला सांगितलं ते बघू. अर्जुनाचं एक नाव गुडाकेश आहे. गुडाका म्हणजे झोप, आणि गुडाकेश म्हणजे झोपेवर ताबा मिळवलेला. पहिल्या अध्यायाच्या चोविसाव्या श्लोकात, रथ दोन्ही सैन्यांच्या मधे आणून उभा केला जातो तिथे, त्याचं हेच नाव येतं. रात्र रात्र जागण्याची ज्याची ख्याती, ऑफिसच्या भाषेत जो 'स्टार परफॉर्मर', त्याला भगवान सहाव्या अध्यायात सांगतात की फार जागणाऱ्याला योग नाही. हे आळशाला दिलेलं उत्तेजन नाही. जागू शकणाऱ्या माणसालाच जागण्याचं माप कळावं लागतं, कारण न जागणाऱ्याचा तो प्रश्नच नसतो.

आणि या गुडाकेशाचं पहिल्या अध्यायात काय झालं होतं? एकोणतिसाव्या आणि तिसाव्या श्लोकात तो स्वतःच सांगतो. अंग गळालं, तोंडाला कोरड पडली, कापरं भरलं, धनुष्य हातातून सुटायला लागलं, उभं राहवेना, डोकं गरगरलं. थोडं पुढे तो म्हणतो की राज्य घेऊन तरी करायचंय काय. आणि दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात कबूल करतो की काय करावं ते कळेनासं झालंय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत 'बर्नआऊट'ची व्याख्या दिली. त्यांनी त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने होणारा परिणाम म्हटलं. त्याच्या तीन खुणा दिल्या. ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडून जाणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आता या तीन खुणा अर्जुनाच्या बोलण्याशेजारी ठेवा. गळालेलं अंग, राज्याचा वीट, न सुचणं. अर्जुनाचं दुःख ऑफिसच्या कामाचं नव्हतं, ते धर्मसंकट होतं, आपल्या माणसांवर शस्त्र उचलायचं होतं. दोन्ही एकच आहेत असं म्हणायचं नाही. पण मन मोडायला लागलं की शरीर कोणत्या भाषेत बोलतं, ते गीतेने लपवलं नाही. पहिला अख्खा अध्याय त्याला दिला आणि त्यालाही 'योग'च म्हटलं.

मग भगवंतांनी काय केलं? दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते दोन कडक शब्द बोलतात, हे खरंय. ऊठ, हा दुबळेपणा टाक, अशा अर्थाचे. पण तेवढ्याने अर्जुन उठला नाही. त्याने सांगितलं की मला कळत नाहीये, मला शिकव. तिथून पुढे समजावणं सुरू झालं, आणि तेवढा वेळ रथ उभा होता. टीम लीड असाल, आई-बाबा असाल, तर एवढं लक्षात ठेवा. थकलेल्या पोराला 'आमच्या वेळी आम्ही किती केलं' हे एकदा ऐकवून झालं असेल आणि तो उठला नसेल, तर तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगून उठणार नाही. आता जवळ बसून ऐकायची वेळ आहे.

सावलीत वाळवलेली मूर्ती

मापाचा धडा पेणच्या मुलांना वेगळा शिकवायला नको. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत तो रोज चालू असतो. शाडूची मूर्ती साच्यातून काढली की ओली असते. ऑर्डरची घाई आहे म्हणून कारागीर ती कडक उन्हात ठेवत नाही. वरचा थर भरभर आवळला आणि आत ओल राहिली की तडा जातो. म्हणून मूर्ती सावलीत, वाऱ्यावर, तिच्या वेळेने वाळू द्यायची. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, ती तर स्थिर हातानेच व्हायला हवी. थरथरत्या हाताने काढलेला डोळा मूर्तीभर दिसतो.

त्या मूर्ती कोपऱ्यात वाळत पडलेल्या असतात तेव्हा कारखाना बंद आहे असं कुणी म्हणत नाही. वाळणं हा कामातलाच टप्पा आहे. आपण झोपतो, रविवारी पाय पसरून बसतो, फोन बंद करून नदीकाठी जातो, तेव्हा मनात जी टोचणी लागते की वेळ फुकट चाललाय, तिला हे उत्तर द्या. मी वाळतोय. उद्या मला डोळे आखायचे आहेत.

रोह्याच्या मुलांना आणखी एक गोष्ट घरातूनच ठाऊक आहे. धाटावच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील किंवा काका पाळीत काम करतात, त्यांना विचारा. पाळी संपते, पुढच्या पाळीचा माणूस येतो, त्याला काम समजावून सांगायचं आणि निघायचं. कष्ट कमी नसतात, पण कामाला काठ असतो. लॅपटॉप घरी आला आणि आपल्या पिढीच्या कामाचा काठ पुसला गेला. पुढच्या पाळीचा माणूस येतच नाही, कारण पुढच्या पाळीलाही आपणच.

धावीर महाराजांची पालखी आठवा. दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची मानवंदना घेऊन ग्रामदैवत निघतं आणि गावभर फिरतं. एवढी पालखी एकाच माणसाच्या खांद्यावर फिरते का? खांदा बदलला जातो. ज्याने खांदा काढला तो पळून गेला असं कुणी म्हणत नाही, तो बाजूने चालतो, घाम पुसतो, पुन्हा पाळी आली की खांदा देतो. देवाच्या पालखीला चालतं ते सर्व्हरला का चालू नये? ऑन-कॉल वाटून घ्या. रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. सहकारी रजेवर असेल तेव्हा त्याचा खांदा तुम्ही द्या. हेही भक्तीतच मोडतं.

फळ आणि पगार

आता एक अडचणीचा प्रश्न. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक सगळ्यांना ठाऊक असतो. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही. अप्रेझलच्या दिवसांत हा श्लोक फार ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा देणाऱ्याच्या बाजूने ऐकू येतो. काम करत राहा, पगारवाढीची अपेक्षा कशाला?

श्लोक कुणाला सांगितलाय ते बघा. काम करणाऱ्याला, त्याच्या स्वतःच्या मनासाठी. काम करवून घेणाऱ्याच्या हातात दिलेलं ते हत्यार नाही. आणि घेणाऱ्यासाठी गीता काय म्हणते? तिसऱ्या अध्यायाचा बारावा श्लोक उघडा. जे मिळालं त्याची परतफेड न करता जो नुसतं भोगतो, त्याला भगवंतांनी चोर म्हटलंय. इतका रोखठोक शब्द. तिथे गोष्ट देवांनी दिलेल्या भोगांची आहे, पण त्या सगळ्या भागात चक्र एकच सांगितलंय, देणं आणि परत देणं. दुसऱ्याचे रात्रीचे तास घ्यायचे आणि बदल्यात ना मोबदला, ना सुट्टी, ना कृतज्ञता, ही गोष्ट त्या श्लोकासमोर ठेवून बघावी.

पगार हा ठरलेला व्यवहार आहे. तो मागणं, नीट बोलून घेणं, लेखी घेणं, यात आसक्ती नाही. पुन्हा पेणच्या कारखान्यात चला. कारागीर मूर्तीला हात जोडतो आणि मूर्तीचे पैसेही मोजून घेतो. दोन्ही त्याच हातांनी. मूर्ती दीड दिवसाने विरघळेल हे त्याला माहीत असतं, त्यासाठी तो रडत नाही. तेवढ्यासाठी तो नाकाची रेघ वाकडीही काढत नाही. आपलं कोडही असंच. आपण दोन वर्षं खपून केलेलं प्रॉडक्ट कंपनी एका बैठकीत बंद करते. तिथे तो सत्तेचाळिसावा श्लोक आपल्या कामाचा आहे. केलेलं काम विरघळलं, करणारा हात विरघळला नाही.

नोकरी गेली तर

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीत लागलं की घरात पेढे वाटले जायचे, तिथली ही बातमी होती. त्यानंतर कितीतरी घरांत 'आमचा मुलगा सेफ आहे ना?' हा प्रश्न जेवणाच्या ताटावर आला असेल. ही माणसं कामचुकार होती म्हणून ही वेळ आली, असं समजणं अन्यायाचं आहे. बाजार, तंत्रज्ञान, कंपनीचे ताळेबंद, यांतलं काहीच एका माणसाच्या हातात नसतं.

नोकरी गेल्यावर पहिली जखम पैशाची असते, पण खोल जखम ओळखीची असते. लग्नात कुणी विचारतं, 'सध्या कुठे?' आणि घशात आवंढा येतो. इथे रोह्याच्या दादांची आठवण ठेवा. त्यांचा जन्मदिवस १९ ऑक्टोबर स्वाध्यायी मंडळी 'मनुष्य गौरव दिन' म्हणून पाळतात. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा की भगवंत माझ्या आत वस्तीला आहे, म्हणून मला किंमत आहे. पदाने ती आली नव्हती, तर पदासोबत ती जाईल कशी? गळ्यातलं ओळखपत्र काढून घेता येतं. आतला वस्तीकरू कुणाला काढता येत नाही.

दादांनी हे नुसतं बोलून ठेवलं नाही. योगेश्वर कृषीच्या शेतात गावातली माणसं पाळीपाळीने पुजारी म्हणून राबायची. कोळ्यांच्या 'मत्स्यगंधा' होड्यांवरही तसंच. येणारं उत्पन्न कुणा एकाचं नाही, देवाचं, आणि त्यातून अडलेल्याला सन्मानाने मदत. यात दोन गोष्टी बघा. काम भक्ती होतं, तरीही पाळीने होतं. आणि ज्याचे दिवस वाईट आले त्याला हात पसरावा लागू नये याची सोय आधीच केलेली होती. आपल्या मित्रांच्या गटात असं काही करता येईल का? कुणाची नोकरी गेली तर नुसतं 'काळजी करू नको, होईल सगळं' न लिहिता, त्याचा रेझ्युमे तासभर बसून वाचणं, आपल्या कंपनीत नाव सुचवणं, सराव म्हणून त्याची मुलाखत घेणं, आणि महिन्याची अडचण असेल तर न विचारता ओळखणं.

आता शोधणाऱ्याचं माप. नोकरी नाही म्हणून दिवसाचे चौदा तास नोकरी शोधणं, हेही अतीच. दिवसाला दीडशे ठिकाणी एकच रेझ्युमे पाठवायचा आणि दर दहा मिनिटांनी ईमेल बघायचा, याने हात चालतात पण मन खचतं. गागोद्याच्या विनोबांकडून एक गोष्ट शिकू. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. सोबत्यांना गीता सांगायची ठरली. त्यांनी काय केलं? २१ फेब्रुवारी ते १९ जून, मोजून १८ रविवार, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी उतरवून घ्यायचे. त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. तुरुंगात मोकळा वेळ आहे म्हणून एका आठवड्यात उरकलं नाही, आणि बाहेर कधी सुटणार ठाऊक नाही म्हणून टाळलंही नाही. आज आपण घेतलेला सहावा अध्याय २७ मार्चला आला. त्या प्रवचनात एकाग्रतेला पूरक म्हणून विनोबांनी जीवनाची परिमितता सांगितली, म्हणजे सगळं मोजूनमापून.

नोकरी शोधणाऱ्याचा दिवसही असा मोजलेला असावा. सकाळी तीन तास अर्ज आणि ओळखी, पण विचार करून निवडलेल्या ठिकाणी. दुपारी दोन तास नवीन शिकणं. संध्याकाळी फिरणं, घरातलं एखादं काम. रात्री फोन बाजूला. मुलाखतीची तयारी तुमच्या अधिकारात आहे, होकार नाही. नकार आला तर तो वाचा, काही शिकण्यासारखं असेल तर घ्या आणि दिवस पुढे चालवा. आणि एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. गरजू माणूस फसतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

याच सहाव्या अध्यायात पाचवा श्लोक आहे. स्वतःनेच स्वतःला वर काढावं, खचू देऊ नये, कारण आपणच आपला मित्र आणि आपणच आपला शत्रू. नकाराच्या दिवशी स्वतःशी कसं बोलतो ते ऐका. तेच शब्द मित्राला बोलला असता का? नसाल, तर स्वतःलाही बोलू नका.

रोहा स्टेशनवर एक गंमत आहे. तिथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. कागदावर हा मोठा बदल, पण कोकणात पुढे जाणाऱ्या प्रवाशाला त्याच रुळांवरून जायचं असतं. नोकरी गेली म्हणजे एकाची हद्द संपली, एवढंच.

सोडू का?

काही जण विचारतील की मग राजीनामा देऊन मोकळं व्हावं का. विनोबांचं उदाहरण लगेच पुढे येतं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेला हा तरुण सुरतला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. पण ती पळवाट नव्हती. ब्रह्माचा शोध घ्यायचा, हे त्याच्या मनात पक्कं होतं. नुसत्या वैतागाने उतरलेला माणूस पुढच्या गाडीत तोच वैताग घेऊन चढतो.

गीता इथे सुंदर वागते. अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर, भगवान म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवला. तेव्हा मीही 'सोडा' किंवा 'टिकून राहा' सांगणार नाही. पुरता विचार म्हणजे काय तेवढं सांगतो. घरातला खर्च किती महिने निघेल? कर्जाचे हप्ते किती? थकवा कामाचा आहे, माणसांचा आहे, की झोपेचा? वरिष्ठांशी एकदा स्पष्ट बोललात का? आधी पंधरा दिवस नीट झोपून, मग हे प्रश्न कागदावर लिहा. न झोपलेल्या डोक्याने राजीनामाही देऊ नका आणि 'मी हे कायम सहन करीन' अशी शपथही घेऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, छातीत धडधडत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर नुसत्या चिंतनावर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे, तिथे फोन करा. अर्जुनही 'मी एकटा निभावीन' म्हणाला नाही. त्याने शेजारी बसलेल्याला सांगितलं. तुम्हीही आजच कुणाला तरी सांगा.

आजचा संकल्प

पाच बोटं, त्यातली तीनच आज धरू या.

१. आज एक जेवण स्क्रीनशिवाय. ताटाकडे बघून, आईने काय केलंय ते ओळखून.

२. आज कामाला काठ. एक वेळ ठरवा, त्यानंतर लॅपटॉप बंद. नोकरी शोधत असाल तर अर्जांनाही तोच काठ.

३. झोपण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत, आणि दिवसभरात जे झालं आणि जे राहिलं ते दोन्ही भगवंताच्या पायाशी.

रात्री हात जोडून एवढंच म्हणू या. पांडुरंगा, काम दे, आणि कामाचं मापही दे. हाताला बळ दे, आणि हात कधी खाली ठेवायचा ते कळू दे. ज्याच्याजवळ काम आहे त्याला विसावा मिळो, ज्याच्याजवळ नाही त्याला काम मिळो, आणि दोघांनाही आज रात्री शांत झोप लागो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥